शब्दचर्चा : ‘तमाशा लावलाय’ आणि ‘मैफल जमली’

विद्यार्थिनी

कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी आवडत्या गाण्यावर पानभर लिहायचं होतं. गाणं मराठी सिनेमातलं, ढोलकीवरचं, वरातीत हमखास वाजणारं. पहिलं वाक्य लिहिलं, ‘या गाण्याचं म्युझिक भारी आहे’, आणि तिथेच अडले. मैत्रिणीने वाचून विचारलं, “म्युझिक म्हणजे नेमकं काय? चाल, ठेका, मधली वाद्यं की गाणारीचा आवाज?” दोन वर्षं रोज ऐकतेय ते गाणं, तरी मला उत्तर देता आलं नाही. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी घरी तेच गाणं लावलं तर आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय तमाशा लावलाय, बंद कर आधी.” आजीला गाणं नको होतं, आणि त्यासाठी तिच्या तोंडात आलेला शब्द हे एका कलेचं नाव होतं. तेव्हापासून असे शब्द वहीत टिपून ठेवतेय. तमाशा करणे. स्वतःची टिमकी वाजवणे. तेच तुणतुणं लावणे. ढोल बडवणे. दुसऱ्याची री ओढणे. सोंग करणे. तेच तेच पालुपद. सगळे नाराजीचे. समोरच्या पानावर मैफल जमली, सूर जुळले, समेवर आले, लय सापडली. सगळे कौतुकाचे. पहिल्या पानावरची वाद्यं नि माणसं जत्रेतली, पटांगणातली, दारावर येणारी. दुसरं पान दिवाणखान्यातलं.

तुणतुण्याचं तर मला फार लागतं. गोंधळात आणि तमाशात ते एका तारेचं वाद्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत सूर धरून असतं. मैफलीत तेच काम तंबोरा करतो. तंबोऱ्याबद्दल ‘काय तेच तेच’ असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही.

माझं मत असं, की पटांगणातल्या गाण्याबद्दलची नाराजी आपण म्हणी-वाक्प्रचारांत साठवून ठेवली आहे. आज एखादं लोकप्रिय गाणं धड न ऐकताच ‘थिल्लर’ ठरतं, त्यामागे हीच जुनी सवय आहे. जाणकारांनी सांगावं, माझं कुठे चुकतंय?

निवृत्त शिक्षिका

तू वह्या भरतेस हे वाचून बरं वाटलं. ‘तमाशा’पुरतं मात्र जरा थांब. हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि हिंदी-उर्दूतही राहिला. तिथेही ‘तमाशा करना’ म्हणजे चारचौघांत शोभा करून घेणं. ज्या मुलखात आपला ढोलकी-फडाचा तमाशा कधी गेला नाही तिथेही हा अर्थ आहे. तेव्हा तो सगळा दोष मराठी माणसाच्या नाकाला लावता येणार नाही. फारसीत तमाशा म्हणजे पाहण्यासारखं दृश्य. घरातलं भांडण रस्त्यावरच्यांनी पाहिलं की त्याचा तमाशा होतो.

पण या शब्दाची मुळं आणखी मागे ने. अरबीत त्याचं मूळ चालण्याच्या धातूत आहे. सोबत चालणं, फेरफटका मारणं, फिरत फिरत पाहणं असा त्याचा प्रवास. आता आपली ‘चाल’ बघ. गाण्याची चाल, घोड्याची चाल, बुद्धिबळातली चाल, शत्रूवर चाल करून जाणं, घराण्यातली चालरीत, सगळ्यांचं मूळ चालणंच. उलट ‘जलसा’ हा शब्दही अरबी, त्याचं मूळ बसणं. आपली ‘बैठक’ तर सरळच आहे. ‘मैफल’ म्हणजे जमण्याची जागा. म्हणजे आपल्या गाण्याबजावण्याचे शब्द एक तर चालणारे आहेत नाही तर बसणारे. लावणीतसुद्धा खडी लावणी वेगळी आणि बैठकीची लावणी वेगळी.

तुझ्या बाजूचा एक पुरावाही देते. सत्यशोधक मंडळींनी आणि पुढे आंबेडकरी चळवळीने प्रबोधनासाठी तमाशाचाच साचा घेतला. गण, सवालजवाब, वग या तमाशाच्या भागांचं वळण त्यात दिसतं. नाव मात्र ‘जलसा’ ठेवलं. ‘तमाशा’ या नावाबरोबर येणारी बदनामी त्यांना नको होती. आजही फडांच्या पाट्यांवर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ असं लिहिलेलं असतं. पुढे ‘लोकनाट्य’ लावावंसं वाटतं, यातच तुझं म्हणणं आलं.

विद्यार्थिनी

बाई, चालणारे आणि बसणारे शब्द! हे मला कधीच सुचलं नसतं. ‘तमाशा’पुरतं माझं म्हणणं मागे घेते. टिमकी आणि तुणतुणं यांच्यावर अजून ठाम आहे.

ढोलकी वाजवणारा

मी लहानपणापासून ढोलकी वाजवतो. पुस्तकातलं मला फार सांगता येणार नाही, वाजवणाऱ्यांच्या तोंडचं सांगतो.

तुमच्या पहिल्या पानावर ‘थापा मारणे’ राहिलं. ढोलकीवर पडते तीही थाप आणि खोटं बोलतात तीही थाप. पण दुसरी बाजूही मांडा. ‘फड गाजवला’ म्हणतात ते कौतुकानेच. एखाद्याने सभा जिंकली की पेपरवाले आजही ‘फड मारला’ लिहितात. कुस्तीचाही फड आणि तमाशाचाही फड, दोन्हीकडे शब्दाला मान आहे. आणि तुमच्या दिवाणखान्यातल्या शब्दांनाही डाग आहेत. ‘रडगाणं’, ‘रडका सूर लावला’, ‘गळा काढला’. तुमचे दोन रकाने वाटतात तितके वेगळे नाहीत.

‘म्युझिक’बद्दल तुमच्या मैत्रिणीने योग्य जागी बोट ठेवलं. हल्ली पोरं मला सांगतात, ‘दादा, बीट वाढवा.’ यात तीन मागण्या असू शकतात. लय वाढवा, म्हणजे तेच जलद वाजवा. ठेका बदला, म्हणजे बोल दुसरे घ्या. नाही तर नुसतं जोरात वाजवा. मी विचारतो, यातलं काय? बहुतेकांना तिसरं हवं असतं. ताल म्हणजे मात्रांचं चक्र, त्याची पहिली मात्रा ती सम. ठेका म्हणजे त्या चक्रात बसवलेले ठरावीक बोल, लय म्हणजे त्याचा वेग. एकाच तालात लय बदलते, ठेका भरता येतो, मोकळा सोडता येतो. तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तीन शब्द आहेत. (‘लय भारी’मधला ‘लय’ वेगळा बरं का, तो ‘लई’.)

अजून एक. गाणं सुरू होण्याआधी मी दोरीतल्या कड्या सरकवत बसतो. एक कडी पुढे घेतली की शाईकडची, म्हणजे काळा लेप असलेली बाजू सुरात जरा चढते. मग बोट मारून ऐकायचं, गाणारीने सूर द्यायचा, पुन्हा कडी. हे पाच-दहा मिनिटं चालतं. समोरच्या लोकांना वाटतं, अजून सुरू का होत नाही. ढोलकी सुरात लागते, नुसती बडवायची नसते, हे या एवढ्या वेळात कळतं. ‘बडवणे’ हा शब्द आम्ही आपापसात वाईट वाजवणाऱ्यासाठीच वापरतो.

तुम्ही कोरस म्हणता त्याला आमच्यात झील म्हणतात. पोवाड्यात, गोंधळात मुख्य गाणाऱ्याने ओळ टाकली की मागचे तिचा शेवट उचलून धरतात, ते झीलकरी. झील नसेल तर पुढच्याला श्वास घ्यायला जागाच मिळत नाही.

दुसरा विद्यार्थी

थोडा वेगळा सूर लावतो. ‘म्युझिक’, ‘बीट’, ‘व्हाइब’ यांच्यामुळे बोलणं ढोबळ झालंय असं मला वाटत नाही. बोलणारा ढोबळ असला की ‘संगीत छान आहे’ हेही तितकंच ढोबळ. आणि मराठीने बाहेरचे शब्द घेऊन त्यांना आपले अर्थ दिलेत. ‘डीजे’ घ्या. मुळात तो तबकड्या वाजवणारा माणूस. आपल्याकडे ‘डीजे लावला’, ‘डीजे बंद पाडला’ म्हणतात तेव्हा माणूस कुणाच्या डोक्यातच नसतो, ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत असते. ‘बेंजो’ही तसाच. आपल्या वरातीतलं ते वाद्य बुलबुलतरंगाच्या घरातलं, त्याचा पूर्वज जपानी, आणि बेंजो म्हटलं की वाद्यापेक्षा वाजवणाऱ्यांची अख्खी पार्टी डोळ्यांपुढे येते. शब्द जगतात ते असे.

‘व्हाइब’ला माहोल आणि रंगत हे जवळचे शब्द आहेत, मान्य. पण रंगत ही सगळ्यांनी मिळून येते. मी एकटा हेडफोन लावून बसलोय तेव्हा ‘रंगत आली’ म्हणणार नाही. तिथे मला नवा शब्द लागतोच.

निवृत्त शिक्षिका

रंगतीवरून आठवलं. रंजन, रंग, रक्त आणि राग ही एकाच कुळातली मंडळी. रञ्ज् म्हणजे रंगणं, रंगवणं. मनाला रंगवतो तो राग आणि मन रंगवणं हे मनोरंजन. शास्त्रीय संगीत वेगळं आणि मनोरंजन वेगळं, असं जे म्हणतात त्यांनी ‘राग’ शब्दाचं मूळ पाहावं. रागावणाऱ्याचा चेहराही लाल होतो, तोच हा धागा.

‘संगीत’ शब्दाचंही तेच. १३व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गीत, वाद्य आणि नृत्य या तिघांना मिळून संगीत म्हटलं आहे. नाचाचं गाणं संगीतात धरायचं की नाही, हा वाद आपल्याच भूमीत सातशे-आठशे वर्षांपूर्वी मिटलेला आहे.

‘करमणूक’ मला जास्त आवडतो. तो ‘करमणे’तून आला, आणि हे क्रियापद आपण बहुतेक नकारातच वापरतो, ‘मला इथे करमत नाही’. करमत नाही त्या माणसाला जे हवं असतं ती करमणूक. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं तेव्हा त्याला हेच नाव दिलं. पुढे १८९५ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांचं ‘मनोरंजन’ आलं. त्या काळी वाचनालाही हे शब्द चालायचे, त्यात कमीपणा नव्हता. सरकारने तिकिटावर बसवलेला करही इथे ‘करमणूक कर’च होता.

आणि चाल घेण्याबद्दल. ‘ढापलेली चाल’ म्हणून आजच्या गाण्यांना बोल लावतात, तेव्हा जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं उघडून बघावीत. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तिथून पुढची कितीतरी नाटकं. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून ज्या गाण्यावरून ती घेतली त्याची ओळ दिलेली असते. कधी कानडी, कधी उर्दू, कधी ओवी. चाल घेणं लपवण्यासारखं नव्हतं. पण कुठून घेतली ते सांगायचे, हा फरक मी सोडणार नाही.

विद्यार्थिनी

बाईंचं शेवटचं वाक्य मला पूर्ण पटलं. चाल घ्या, पण डोक्यावर लिहा.

माझ्या दोन रकान्यांचं आता असं झालंय. ‘फड गाजवणे’मुळे पहिला रकाना फुटला आणि ‘रडगाणं’मुळे दुसरा. त्यामुळे ‘सगळे नाराजीचे’, ‘सगळे कौतुकाचे’ ही विधानं खोडली. पण हे करताना दुसरंच काही दिसलं आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आवडलं-नावडलं सांगायला आपण जे शब्द वापरतो ते गाण्याबद्दल काहीच सांगत नाहीत. ‘सवंग’ म्हणजे मुळात स्वस्त. महार्घचं महाग झालं तसं समर्घचं सवंग. ‘बाजारू’ आणि ‘गल्लाभरू’ हेही पैशाचे. ‘थिल्लर’ म्हणजे जुन्या मराठीत डबकं, ‘उथळ’ही पाण्याचाच. आणि माझं लाडकं ‘भारी’ म्हणजे वजनदार. म्हणजे आम्ही तरुण वजन करतो, मोठी माणसं किंमत आणि खोली मोजतात, आणि त्या गाण्यात ठेका कोणता होता ते कुणीच बोलत नाही. मोठ्यांनी आमच्या गाण्यांना वाईट जरूर म्हणावं. चाल ओढूनताणून बसवलीय म्हणा, शब्दांचे तुकडे भलत्या मात्रेवर पडतात म्हणा, अंतरा मुखड्याला सोडून भरकटतो म्हणा. मी ऐकून घेईन, कारण ते गाण्याबद्दल असेल. आणि आम्हीही ‘भारी’वर थांबू नये.

व्हाइबवाल्या मित्राला एक सांगते. मलाही तो शब्द टाकायचा नाहीये. पण रिकाम्या जागी ‘म्युझिक’ भरून मी काय लपवत होते ते मला दिसलं. मी नीट ऐकतच नव्हते.

तर गाणं पुन्हा ऐकलं, एक हेडफोन मैत्रिणीच्या कानात, एक माझ्या. सहा-सात वेळा मागे नेलं. भित्तिपत्रकासाठी आता हे लिहिलंय:

‘मुखड्याची चाल साधी, तीनचार सुरांत फिरणारी, म्हणून पहिल्यांदा ऐकणाराही गुणगुणतो. पालुपदाला दर वेळी झील आहे, पण शेवटच्या वेळी झीलकरी अर्धा शब्द आधीच उचलतात आणि अंगावर काटा येतो. दुसऱ्या अंतऱ्यात ढोलकी थांबते. फक्त तुणतुणं सूर धरून राहतं आणि गाणारी त्यावर एकटी एक ओळ म्हणते, दुसऱ्यांदा म्हणताना शेवटच्या अक्षरावर छोटा खटका घेते. मग तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि ढोलकी समेवर पडते.’

शब्द बरोबर वापरलेत का, सांगाल?

ढोलकी वाजवणारा

छान ऐकलंत. एकच दुरुस्ती. ढोलकी समेवर येते. पडते ती थाप.