वडिलांना पार्किन्सनच्या औषध-चाचणीत सहभागी होऊ द्यावे का?

अंत्रुजकर, फोंडा

माझ्या वडिलांना काही वर्षांपासून पार्किन्सनचा आजार आहे. ते निवृत्त शिक्षक असून आजही गावच्या देवळातील भजनाला नियमाने जातात, मात्र हार्मोनियमवर बोटे पूर्वीसारखी चालत नाहीत. लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्यांनी सुरुवातीला उत्तम साथ दिली. अलीकडे मात्र पुढच्या गोळीची वेळ येण्याआधीच आधीच्या गोळीचा असर उतरतो आणि मधल्या काळात त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात.

मुंबईत ज्या न्यूरॉलॉजिस्टना आम्ही दाखवतो, त्यांनी एका नव्या औषधाच्या चाचणीची माहिती दिली आहे. चालू गोळ्यांसोबत आणखी एक गोळी घ्यायची. निम्म्या रुग्णांना तीत खरे औषध मिळेल, निम्म्यांना प्लासिबो (हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी), आणि कोणाच्या वाट्याला काय आले हे चाचणी संपेपर्यंत रुग्णाला किंवा तपासणाऱ्या डॉक्टरांना कळणार नाही. शिवाय काही तपासण्या आदल्या रात्रीपासून नेहमीच्या गोळ्या थांबवून सकाळी होणार आहेत.

माझ्या थोरल्या भावाचा याला विरोध आहे. आजारी माणसाला जाणूनबुजून निरुपयोगी गोळी देणे आणि वर त्याची नेहमीची गोळीही एका रात्रीपुरती काढून घेणे त्याला अन्यायाचे वाटते. एका नातेवाइकांनी, चाचणीच्या भानगडीत न पडता कपिकच्छूचे (खाजकुयलीच्या बियांचे) चूर्ण सुरू करावे, असे सुचवले आहे. वडिलांची स्वतःची इच्छा मात्र जाण्याची आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मांडवीकाठ, पणजी

मी न्यूरॉलॉजिस्ट असून निवृत्तीपूर्वी अशा चाचण्यांच्या कामात सहभागी होतो. आपल्या वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांनी जावे की जाऊ नये हे मी सांगणार नाही. पण आपल्या भावाच्या आक्षेपाला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण प्लासिबोचा प्रश्न पार्किन्सनच्या बाबतीत इतर अनेक आजारांपेक्षा अधिक गंभीर आहे.

या आजारात मेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागातील, डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. २००१ साली व्हँकुव्हरच्या संशोधकांनी पेट स्कॅनच्या साहाय्याने दाखवून दिले की औषध मिळणार या अपेक्षेने प्लासिबो घेतलेल्या पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतही डोपामिन प्रत्यक्ष स्रवते. म्हणजे रुग्णाला बरे वाटते ते केवळ मनाचे समाधान नसते. ज्या रसायनाची उणीव आहे तेच काही काळ वाढलेले असते. अशा आजारात नवे औषध उघडपणे देऊन ‘बरे वाटते का?’ असे विचारले, तर होकारार्थी उत्तर जवळजवळ ठरलेलेच असते आणि त्यावरून औषधाचे मोल कळत नाही.

याची किंमत रुग्णांनी मोजलेली आहे. जीडीएनएफ नावाचे प्रथिन थेट मेंदूत सोडण्याचा प्रयोग २००३ साली ब्रिस्टल येथे पाच रुग्णांवर झाला आणि त्यांच्यात दिसलेल्या सुधारणेने मोठी आशा निर्माण झाली. पुढे ३४ रुग्णांवर प्लासिबोसह चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले आणि दोन्ही गटांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. मेंदूत गर्भपेशींचे रोपण करण्याची कथा याहून विचार करायला लावणारी आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ४० रुग्ण होते. त्यांतील निम्म्या जणांच्या कवटीला छिद्रे पाडली गेली, परंतु मेंदूत काहीही सोडले नाही. त्यांच्यापैकी काहींची वर्षभरानंतर पाहणी केली असता, आपल्याला रोपण झाले आहे असे ज्यांना वाटत होते त्यांनी जीवनमान सुधारल्याचे सांगितले, मग प्रत्यक्षात रोपण झालेले असो वा नसो. प्रत्यक्ष रोपण झालेल्यांपैकी काहींना मात्र पुढे गोळ्या थांबवल्यावरही न थांबणाऱ्या अनैच्छिक हालचाली सुरू झाल्या. तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नसता, तर ही शस्त्रक्रिया कदाचित सर्वत्र सुरू झाली असती.

लहान चाचणीत प्लासिबो असूनही फसगत होऊ शकते. मधुमेहावरील एक्सेनाटाइड या औषधाने २०१७ साली ६२ रुग्णांच्या चाचणीत चांगली चिन्हे दाखवली होती. त्याच औषधाची १९४ रुग्णांवर ९६ आठवडे चाललेली मोठी चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लाभ दिसला नाही. क्रिएटिन आणि को-एन्झाइम क्यू-१० यांचेही असेच झाले. क्रिएटिनच्या चाचणीत तर १,७०० हून अधिक रुग्ण होते. आजाराची वाढ रोखते असे सिद्ध झालेले एकही औषध आज आपल्या हाती नाही. म्हणून आपल्या वडिलांना मिळणाऱ्या गोळीने फायदा होईल असे गृहीत धरून चाचणीत जाऊ नये, आणि प्लासिबो मिळाल्यास ते एखाद्या लाभाला मुकतील असेही गृहीत धरू नये. नवे औषध उपयोगी आहे की नाही हे खरोखरच ठाऊक नसते, आणि म्हणूनच निम्म्या रुग्णांना प्लासिबो देणे न्याय्य ठरते. आपण लिहिल्याप्रमाणे त्यांच्या चालू गोळ्या दोन्ही गटांत सुरूच राहणार आहेत. मूळ उपचार कायमचे काढून घेऊन प्लासिबो दिला जात असता, तर माझेही मत आपल्या भावासारखेच झाले असते.

सकाळच्या तपासणीबद्दल. साधारण बारा तास गोळी न घेतल्यावर जी अवस्था येते, तिला ‘ऑफ’ म्हणतात; गोळीच्या असराखाली मूळ आजार किती झाकला जातो हे त्यावरून मोजता येते. बोटांची उघडझाप, खुर्चीतून उठणे, चालणे, मागून खांदे ओढल्यावर तोल सावरणे, अशा प्रत्येक कृतीला शून्य ते चार गुण दिले जातात. हे कष्टदायक असते हे मी नाकारत नाही. फोंड्याहून मुंबईस जायचे आहे, हे लक्षात घेऊन मी आग्रहाने सांगेन की कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून, गोळी न घेता, सकाळी थेट रुग्णालयात पोहोचण्याचा बेत करू नये. आदल्या दिवशी पोहोचावे, रुग्णालयाजवळ मुक्काम करावा आणि त्या मुक्कामाचा खर्च चाचणीतून मिळणार का हे आधी विचारून घ्यावे. रात्रीची गोळी थांबवणे हे केवळ सांगितले असेल तेव्हाच आणि सांगितले तेवढेच करायचे असते. लेव्होडोपा अचानक अनेक दिवस बंद केल्यास तीव्र ताप आणि कडक ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते.

एक प्रश्न आपण विचारलेला नाही, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गोळीचा असर लवकर उतरतो यावर आज मान्य असलेले उपाय आहेत: गोळ्यांमधील अंतर कमी करणे, एन्टाकापोन किंवा रासाजिलिन यांसारखे औषध जोडणे, आणि योग्य रुग्णांत डीप ब्रेन स्टिम्युलेशनची, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवून विद्युत स्पंदने देण्याची, शस्त्रक्रिया. बऱ्याच चाचण्यांत सहभागाआधी काही आठवडे आणि चाचणी चालू असेपर्यंत मूळ औषधांचा डोस न बदलण्याची अट असते. तेव्हा हे साधे बदल करून झाले आहेत का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. ते व्हायचे असतील, तर चाचणीसाठी वडिलांना महिनोन्‌महिने अपुऱ्या डोसवर ठेवणे मला पटणार नाही.

वाळवंटीकाठचा वैद्य, सत्तरी

कपिकच्छूविषयी एवढेच लिहितो. आपल्याकडे रानात वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतो, हे १९३७ सालीच भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले होते, आणि २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या तुलनेत बियांच्या चूर्णाचा असर गोळीपेक्षा जवळपास निम्म्या वेळात सुरू झाला. आयुर्वेदाचा अभ्यासक म्हणून मला याचा अभिमान आहे. परंतु याच कारणासाठी, गोळ्या चालू असताना हे चूर्ण स्वतःच्या मनाने जोडू नये: ते घेणे म्हणजे लेव्होडोपाचाच डोस वाढवणे होय, आणि बाजारातील कोणत्या चूर्णात तो किती आहे याची खात्री देता येत नाही. मळमळ, रक्तदाब उतरणे, भास होणे, अंग वेडेवाकडे हलणे हे त्रास तेथेही तेच आहेत. वडील चाचणीत गेले आणि घरून गुपचूप चूर्ण सुरू राहिले, तर त्यांच्या नोंदींना काही अर्थ उरणार नाही. जे काही घेत असतील ते तेथील डॉक्टरांना अवश्य सांगावे.

बार्देशची आजी, म्हापसा

माझे यजमान अशा एका चाचणीत होते. त्यांना प्लासिबो मिळाला होता हे आम्हाला फार नंतर कळले, आणि त्याचे त्यांना वाईट वाटले नाही. मला मात्र दोन गोष्टी आपल्या घरातील स्त्रियांच्या वतीने सांगायच्या आहेत.

पहिली म्हणजे डायरी. ठरवून दिलेल्या दिवसांत दर अर्ध्या तासाने रुग्ण ‘ऑन’ (गोळीचा असर चालू) आहे, ‘ऑफ’ आहे, झोपला आहे की अंग हलते आहे, याची खूण करायची असते. हात थरथरत असताना आणि अक्षर बारीक होत गेलेले असताना रुग्णाला ते लिहिणे कठीण जाते, आणि हळूहळू ते काम घरच्या माणसावर येते. डायरी रुग्णाच्याच अनुभवाची असायला हवी, म्हणून मी त्यांना विचारून केवळ खूण करीत असे. माझ्या नजरेला ते बरे दिसत असले तरी माझे मत त्यात घातले नाही. गोळ्यांच्या वेळाही तेव्हाच काटेकोर झाल्या. मासळी आणि डाळ यांतील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणाला आड येतात, असे तेथील समन्वयक ताईंनी समजावले. तेव्हापासून सकाळची गोळी नुसत्या पाण्याबरोबर, मग अर्ध्यापाऊण तासाने पेज, आणि मासळी शक्यतो रात्री, असा आमच्याकडे क्रम बसला.

दुसरी गोष्ट जरा तक्रारीची आहे. तपासणीत हातापायांकडे जितके बारकाईने पाहिले जाई, तितके बाकीच्या त्रासाकडे नाही. माझ्या यजमानांना खरा छळ होता तो बद्धकोष्ठाचा, बसलेल्या आवाजाचा आणि रात्री स्वप्नातल्या मारामारीत खरोखर हात उगारण्याचा. फुलांचा वास येईनासा होणे आणि ही झोपेतील हालचाल कंपाच्या कित्येक वर्षे आधी सुरू होऊ शकते, हेदेखील मला तेथेच कळले. आमच्या घरी तसेच झाले होते आणि आम्ही ते वयावर घातले होते. प्रश्नावलीत या गोष्टींना जागा असते, पण त्यावरून घाईने पुढे जाण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. तुमच्या वडिलांनी भजनात आवाज लागत नाही हेसुद्धा आवर्जून सांगावे.

ज्येष्ठ भावाची काळजी मला समजते. तरीही संमतिपत्रावर सही करणारे वडील आहेत. त्यांना समजते, त्यांची बुद्धी शाबूत आहे, तर त्यांच्या इच्छेला घरात सर्वांत जास्त वजन असावे.

अंत्रुजकर, फोंडा

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. भावाला हे सर्व वाचून दाखवले. प्लासिबोबद्दलचा त्याचा आक्षेप बराचसा निवळला आहे. आता त्याचे दोन प्रश्न आहेत. चाचणीमुळे काही अपाय झाला तर जबाबदारी कोणाची? आणि औषध खरेच लागू पडले, तर चाचणी संपल्यावर ते मिळत राहील का?

मांडवीकाठ, पणजी

भारतात २०१९ पासून नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम लागू आहेत. त्यांनुसार चाचणीदरम्यान इजा झाल्यास वैद्यकीय उपचार मोफत द्यावे लागतात, आणि ती इजा चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास नुकसानभरपाईही द्यावी लागते. एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचे हित व सुरक्षितता पाहणाऱ्या समितीची, मंजुरी आणि सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत चाचणीची नोंद बंधनकारक आहे. ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते; डॉक्टरांकडून नोंदणी क्रमांक घेऊन भावाने स्वतः ती नोंद वाचावी. तेथे चाचणीचा प्रायोजक, रुग्णांची संख्या आणि काय मोजले जाणार आहे हे दिलेले असते. नोंदणी क्रमांक देण्यास कोणी टाळाटाळ करीत असेल किंवा सहभागासाठी पैसे मागत असेल, तर तेथून परत फिरावे. स्टेम सेलच्या नावाखाली पैसे घेऊन केले जाणारे ‘उपचार’ या दुसऱ्या प्रकारातले आहेत, आणि मान्यताप्राप्त चाचणीबाहेर पार्किन्सनसाठी ते देणे आपल्या देशातील मार्गदर्शक तत्त्वांना धरून नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तितके समाधानकारक नाही. चाचणीनंतर औषध मोफत देत राहण्याची तरतूद नियमांत आहे, परंतु ती सशर्त आहे: डॉक्टरांची शिफारस आणि एथिक्स कमिटीची संमती लागते, आणि त्या आजारावर दुसरा पर्याय उपलब्ध आहे का हेही पाहिले जाते. पार्किन्सनवर इतर औषधे असल्यामुळे ते मिळेलच असे धरून चालू नये. संमतिपत्राची मराठी प्रत घरी आणून सर्वांनी मिळून वाचावी, हा परिच्छेद त्यात शोधावा आणि तेथे काही स्पष्ट लिहिलेले नसल्यास सही करण्याआधी लेखी उत्तर मागावे. सही केल्यानंतरही, कोणतेही कारण न देता, वडिलांना केव्हाही बाहेर पडता येईल आणि त्यामुळे त्यांच्या नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये.