६० नमुने, एक ओढा, एक तळं: नत्र-१५ आणि कर्ब-१३ कशावर खर्च करू?

पाणकणीस:
नमस्कार मंडळी. प्रबंधासाठी एक ओढा आणि तो ज्यात मिळतो ते तळं घेतलं आहे. वरच्या अंगाला शेतं, मध्ये वस्ती आणि तिच्या सेप्टिक टाक्या, खाली तळं. तळ्यात शेवाळ माजतं. प्रश्न दोन आहेत. तळ्यात येणारा नत्र खतातला की मैल्यातला? आणि तळ्यातले लहान मासे शेवाळावर वाढतात की काठच्या झाडांच्या पडलेल्या पाल्यावर?

प्रयोगशाळेकडून ६० नमुने मोजून मिळणार आहेत. एकदाच. प्रत्येकात कर्ब-१३ आणि नत्र-१५ दोन्ही, म्हणजे कर्ब आणि नत्र यांचे जड समस्थानिक (तेच मूलद्रव्य, थोडा जड अणू). एकसष्टावा मिळणार नाही. वाळवणं, कुटणं, वजन करणं माझ्याकडे. हे ६० कसे वाटू?

खलबत्ता:
आधी तयारी नीट करा, वाटणी नंतर. ६० अंशांवर दोन दिवस वाळवायचं, मैद्यासारखं बारीक कुटायचं. प्राण्याचं मांस असेल तर अर्धा ते एक मिलिग्रॅम, पाला दोन-तीन मिलिग्रॅम, गाळात नत्र कमी असतो म्हणून वीस-तीससुद्धा लागतो. कथलाची कॅप्सूल चिमट्याने घडी घालून चपटी दाबा. आत हवा अडकली तर हवेतला नत्र तुमच्या नमुन्यात मोजला जातो. मी आजवर हजारावर कॅप्सूल हाताने बांधल्या, यंत्रातून एकही परत आली नाही. दोन कॅप्सूल एकमेकींना चिकटणार नाहीत एवढं बघा.

नत्रवेडा:
नैसर्गिक प्रमाणाच्या नादी लागू नका. निसर्गात नत्राच्या हजार अणूंत साडेतीन-पावणेचार अणू नत्र-१५चे, आणि त्यातला इवलासा फरक वाचून तुम्ही गोष्ट रचणार? समृद्ध, म्हणजे नत्र-१५चं प्रमाण मुद्दाम वाढवलेला नत्र विकत घ्या, ओढ्यात सोडा आणि तो कुठे जातो ते बघा. २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचा: ७२ ओढ्यांत नत्र-१५चं नायट्रेट सोडलं होतं. पाण्यात नायट्रेट जितकं जास्त, तितकी ते काढून टाकण्याची ओढ्याची कार्यक्षमता कमी, हे त्यातून दिसलं. असा निष्कर्ष शेवाळ खरवडून मिळत नाही. आम्ही स्वतः एका ओढ्यात सोडून बघितलं आहे, तिसऱ्या दिवशी शेवाळात खूण दिसली.

पाणकणीस:
अभ्यास वाचला आहे, सुंदर आहे. पण माझ्याकडे ६० मोजण्या आहेत, ट्रेसर (असा माग काढायला सोडायचा समृद्ध नत्र) नाही. शिवाय ट्रेसर सोडला तर सोडलेला नत्र कुठे जातो ते कळेल, आधीपासून येणारा कुठून येतो ते नाही.

शेजारचं_टेबल:
ट्रेसरचं नाव निघालंच आहे तर माझं ऐका. आमच्या विभागात एकाने समृद्ध नमुने ज्या गिरणीत कुटले, त्याच गिरणीत पुढच्या आठवड्यात मी माझी पानं कुटली. नत्र-१५ अधिक २ किंवा ३ (ठरलेल्या प्रमाणाच्या तुलनेत दर हजारी फरक) यायला हवा होता, काही पानांत अधिक १८०च्या वर आला. कोणत्या नमुन्यात किती मिसळलं हे सांगायला मार्ग नव्हता, सगळे टाकावे लागले. एका वर्षाचं काम. ट्रेसरची खोली, खलबत्ता, चिमटे, कपडेसुद्धा वेगळे हवेत. समृद्ध नमुने असतील तर प्रयोगशाळेला आधी कळवा, नाहीतर यंत्रात मागच्याचा अंश पुढच्यात उतरतो. पाणकणीस, तुम्ही सोडणार नसलात तरी तुमच्या टेबलावर आधी कोणी काय कुटलं हे विचारून घ्या.

रानमोगरी:
मला वेगळी शंका आहे. हे किरणोत्सारी असतं ना? त्याला परवानगी लागत असेल. आणि शेवाळ माजतं ते स्फुरदामुळे असं वाचलं आहे, मग स्फुरदाचे समस्थानिक का मोजत नाही?

गाळवाला:
नत्र-१५ आणि कर्ब-१३ स्थिर आहेत, त्यांचा क्षय होत नाही. त्या भीतीचं कारण नाही. स्फुरदाचा स्थिर समस्थानिक एकच, स्फुरद-३१. तुलनेला दुसरा नाहीच, म्हणून डेल्टा मूल्य (तोच दर हजारी फरक) काढता येत नाही. फॉस्फेटला चिकटलेल्या ऑक्सिजनचा समस्थानिक मोजतात, पण ते वेगळं आणि किचकट काम आहे. प्रश्न मात्र चांगला विचारलात. बऱ्याच गोड्या पाण्यात स्फुरदच आधी संपतो आणि त्याचा माग नत्र-१५ देत नाही, हे पाणकणीस यांनी प्रबंधात लिहायलाच हवं.

ओढेकरी:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवाळात नाही, पाण्यात आहे. नायट्रेटचे दोन्ही मोजा, नत्र-१५ आणि ऑक्सिजन-१८. खताचा नत्र कारखान्यात हवेतून घेतलेला, म्हणून त्याचं मूल्य शून्याच्या आसपास. मैल्यातून आणि शेणातून अमोनिया उडून जाताना हलका नत्र-१४ जास्त जातो, मागे जड उरतो, म्हणून तिथलं नायट्रेट बऱ्याचदा अधिक १०च्या पुढे. पावसातून आलेलं नायट्रेट ऑक्सिजन-१८वरून लगेच ओळखू येतं, त्याचं मूल्य फार वर असतं. पाणी गाळा, गोठवा आणि पाठवा. २००१ पासून यासाठी असे जिवाणू वापरतात जे नायट्रेटचं नायट्रस ऑक्साइड करतात आणि तिथेच थांबतात. फार थोड्या पाण्यात काम होतं. आम्ही हेच केलं आणि एका भेटीत चित्र स्पष्ट झालं.

पाणकणीस:
पण ही मोजणी माझ्या ६० मध्ये बसत नाही. तिचं यंत्र वेगळं, हिशेबही वेगळा. माझ्याकडे घन नमुन्यांच्याच मोजण्या आहेत.

ओढेकरी:
मग प्रयोगशाळेशी बोलून बदलून घ्या. चुकीच्या वस्तूचे ६० मोजण्यापेक्षा बरोबर वस्तूचे १० मोजलेले चांगले.

गाळवाला:
ओढेकरी, एका भेटीत चित्र स्पष्ट झालं हे मला पटत नाही. तळ्याच्या गाळात ऑक्सिजन संपला की विनायट्रीकरण, म्हणजे जिवाणूंनी नायट्रेटचा वायू करणं, सुरू होतं. जिवाणू हलकं नायट्रेट आधी वापरतात, उरलेलं जड होत जातं. म्हणजे शेतातून शून्यावर निघालेलं खत तळ्यात पोचेपर्यंत अधिक १०वर दिसू शकतं. तुम्ही त्याला मैला म्हणाल.

ओढेकरी:
म्हणूनच ऑक्सिजन-१८ मोजायचा. विनायट्रीकरणात नत्र आणि ऑक्सिजन दोन्ही एकत्र चढतात, आलेखात तिरकी रेघ दिसते.

गाळवाला:
रेघ दिसायला अनेक वेळचे नमुने लागतात. एका दुपारच्या पाण्यात रेघ नसते, ठिपका असतो.

शिंपला:
या धाग्यात सगळे पाण्याच्या एका क्षणाबद्दल भांडताहेत. पाणी तासागणिक बदलतं. शिंपले आणि गोगलगायी महिनोन्‌महिने खात असतात, त्यांच्या मांसात त्या काळाची सरासरी साठते. काबाना आणि रासमुसेन यांनी १९९६ मध्ये हेच दाखवलं. वेगवेगळ्या पाणलोटांतल्या शाकाहारी जलचरांचं नत्र-१५ त्या पाणलोटातल्या मानवी लोकसंख्येच्या घनतेबरोबर चढतं. हे आजकाल कोणी वाचत नाही, सगळ्यांना मासे हवे असतात.

काटेकोर:
मासे हवेतच, प्रश्नच माशांचा आहे. पण फॉर्मलिनमध्ये ठेवू नका. माझे ४० मासे फॉर्मलिनच्या बाटलीत होते आणि कर्ब-१३चं मूल्य सरकलं. अल्कोहोलनेही सरकतं. गोठवा किंवा लगेच वाळवा. पाठीचं पांढरं मांस घ्या, यकृत नको. यकृत काही दिवसांचं खाणं सांगतं, स्नायू काही आठवड्यांचं ते महिन्यांचं. आणि चरबी. चरबीत कर्ब-१३ कमी असतो, म्हणून गलेलठ्ठ मासा उगाच पाला खाणारा दिसेल. कर्ब-नत्र गुणोत्तर साडेतीनच्या वर गेलं की दुरुस्ती करावी लागते. मासा मारायचा नसेल तर पराचा तुकडाही चालतो.

खलबत्ता:
चरबीचं काटेकोर यांनी बरोबर सांगितलं. गाळ आणि शंख यांचंही तसंच आहे. त्यात चुना असतो, कर्बासाठी तो आम्लाने काढावा लागतो, पण आम्ल दिलेल्या नमुन्याचं नत्र भरवशाचं राहत नाही. म्हणून नमुना दोन भागांत: एक आम्ल देऊन कर्बासाठी, एक तसाच नत्रासाठी. आम्लाच्या वाफेला कथील टिकत नाही, चांदीची कॅप्सूल घ्या.

पाणकणीस:
म्हणजे गाळाचा एक नमुना माझ्या हिशेबात दोन होणार. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, मनापासून धन्यवाद.

हिरवा_थर:
दुसऱ्या प्रश्नात एक खड्डा आहे. माशाचा कर्ब-१३ त्याच्या खाण्यासारखा असतो, या आधारावर तो उभा आहे. काठच्या झाडांचा पाला सी-३ (बहुतेक झाडांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत), म्हणजे कर्ब-१३ उणे २८च्या आसपास. तळ्यातलं शेवाळ मात्र एका आकड्यावर राहत नाही. पाण्यात कार्बन डायऑक्साइड किती, प्रवाह किती, यावर ते उणे २० पासून उणे ३५ पर्यंत कुठेही असतं. तुमचं शेवाळही उणे २८वर निघालं तर मासा काय खातो हे कुठलंही गणित सांगणार नाही. आधी चार-पाच नमुने फक्त शेवाळ आणि पाला यांचे मोजून घ्या. माझं शेवाळ आणि पाला अर्ध्या एककाच्या अंतरावर निघाले, आणि तोवर मासे मोजून झाले होते.

नत्रवेडा:
बायेसियन मिश्रण प्रतिमान (खाण्यात कोणत्या स्रोताचा किती वाटा हे संभाव्यतेने काढणारं गणित) वापरा, दोन स्रोतांत फरक कमी असला तरी उत्तर देतं.

हिरवा_थर:
उत्तर देतं, हीच अडचण आहे. स्रोत वेगळे नसले तरी ते टक्केवारी देतं, आणि त्या टक्केवारीभोवतीची रुंदी कोणी बघत नाही.

काटेकोर:
अन्नसाखळीत प्रत्येक पायरीला नत्र-१५ ३.४ने चढतं, पोस्ट या संशोधकाचा २००२चा लेख. तेवढं धरून चाला.

गाळवाला:
३.४ हा आकडा मिनागावा आणि वाडा यांनी १९८४ मध्येच दिला आहे. आणि ती सरासरी आहे. त्यांच्याच आकड्यांत अधिक-उणे एकाहून जास्त विखुरणं आहे. शाकाहारी प्राण्यांत तर फरक आणखी पसरतो.

काटेकोर:
पोस्टने आधीच्या पुष्कळ अभ्यासांच्या आधारावर काढला, म्हणून मी त्याचं नाव घेतलं.

गाळवाला:
पोस्टनेच तिथे सांगितलं आहे की पायथा, म्हणजे अन्नसाखळीची खालची पायरी, मोजल्याशिवाय माशाच्या आकड्याला अर्थ नाही. किनाऱ्यासाठी गोगलगाय, खुल्या पाण्यासाठी शिंपला. तेवढं मात्र धाग्यात कोणी म्हणत नाही.

शिंपला:
मी वर म्हटलं आहे.

रानमोगरी:
माझी शंका दूर झाली, आभार. मला वाटतं दोन्ही प्रश्न ठेवावेत, ३० आणि ३०.

ओढेकरी:
३०-३० करून दोन्ही अर्धवट राहतील. मासे सोडा, नायट्रेट घ्या.

काटेकोर:
नायट्रेट सोडा, मासे घ्या. ४० मासे, २० शेवाळ-पाला.

नत्रवेडा:
नैसर्गिक प्रमाणच सोडा, असं मी सुरुवातीलाच म्हटलं होतं.

पाणकणीस:
तीन रात्री विचार केला. मासे घेणार नाही आणि नायट्रेटही घेणार नाही.

हिरवा_थर यांच्या सल्ल्याप्रमाणे पाच नमुने आधी मोजून घेतले, दोन पाला आणि तीन शेवाळ. पाला उणे २९, शेवाळ उणे २७ ते उणे ३० मध्ये पसरलेलं. म्हणजे माशांचा प्रश्न या तळ्यात कर्बाने सुटणारा नाही. वाईट वाटलं, कारण तोच प्रश्न मला जास्त आवडायचा. आता उरले ५५.

ओढ्याच्या लांबीवर १० जागा निवडते: शेतांच्या वर, शेतांत, वस्तीच्या वर, वस्तीत, वस्तीखाली, तळ्याच्या तोंडाशी, तळ्यात. प्रत्येक जागी एकाच जातीच्या ४ गोगलगायी, त्याच दगडांवरचं खरवडलेलं शेवाळ १. हे झाले ५०. उरलेल्या ५ मध्ये खत २ आणि सेप्टिक टाकीचा गाळ ३. त्यातलं मला नत्रच हवं आहे, म्हणून आम्ल द्यायचं नाही आणि हिशेब दुप्पट होत नाही. नत्र-१५ कुठे चढतं, हळूहळू की वस्तीपाशी एकदम, हे मला दिसेल. खत की मैला याचं ठाम उत्तर मिळणार नाही हे मान्य आहे, विनायट्रीकरणाची अडचण उरतेच. पण चढण कुठे सुरू होते हे कळलं तर पुढच्या वेळी नायट्रेट कुठे मोजायचं ते माहीत असेल.

शिंपला:
चारही गोगलगायी एकत्र कुटून एकच नमुना करा ना. १० जागांच्या ऐवजी ४० जागा होतील.

गाळवाला:
अनुमोदन. एकत्र कुटा.

काटेकोर:
सहमत, एकत्रच कुटा. आणि उरलेल्यात मासे घ्या.

पाणकणीस:
नाही, वेगळ्याच मोजणार. एका जागेवरच्या चार गोगलगायींत आपसांत किती फरक आहे हे माहीत नसेल, तर दोन जागांतला फरक खरा की योगायोग हे सांगता येणार नाही. ४० जागांचे ४० आकडे हातात असतील आणि एकावरही विश्वास ठेवता येणार नाही.

ओढेकरी:
निदान प्रत्येक जागेचं थोडं पाणी गाळून गोठवून ठेवा. मोजायला आज जमलं नाही तरी पाणी ठेवायला खर्च नाही. पुढे संधी मिळाली तर ती दुपार परत येणार नाही.

पाणकणीस:
हे नक्की करते. दहा बाटल्या, तारीख आणि जागा लिहून.

शेजारचं_टेबल:
टेबलाचं विचारलंत का?

पाणकणीस:
विचारलं. दोन वर्षांपूर्वी तिथे कोणीतरी समृद्ध युरिया वजन केला होता. दुसऱ्या खोलीत जागा मिळाली आहे, खलबत्ताही नवा घेतला.

खलबत्ता:
गोगलगायीचा फक्त पायाचा स्नायू घ्या, आतडं घेऊ नका. त्यात न पचलेलं शेवाळ असतं. शंख फोडल्यावर मांस ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन भिंगाखाली बघा. शंखाचा एक कण राहिला तरी चुन्यामुळे कर्ब-१३ वर सरकेल. नत्राला तो बाधत नाही, पण ५५ नमुन्यांचा कर्ब फुकट मिळतोच आहे तर तो नीट मिळू दे.