प्रयोग आणि समास मुलांनीच मुलांना शिकवायचे?

रेघोटी: परवा इथे एका शिक्षकांनी लिहिलं, 'यंदा व्याकरणातले प्रयोग आणि समास नववीची मुलंच वर्गाला शिकवणार, मी मागच्या बाकावर बसणार.' खाली कौतुकाची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते. कविता द्या, धडा द्या, पण प्रयोग मुलांच्या हाती देऊ नका. माझ्या मुलीच्या वर्गात एका मैत्रिणीने शिकवलं, 'कर्त्याला ने लागला की कर्मणी, म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे.' झालं! 'शिपायाने चोरास पकडले' हे वाक्य सगळ्यांच्या वहीत कर्मणी म्हणून गेलं. अहो, तिथे कर्मालाही प्रत्यय आहे, क्रियापद कोणाचंच ऐकत नाही, भावे प्रयोग आहे तो. त्या मुलीचा दोष नाही. पण मागे बसलेल्या बाई तेव्हा वह्या तपासत होत्या! एकदा बसलेलं चुकीचं खरवडून काढणं किती जड असतं, ते मी रोज घरी बघतेय.

फळा-खडू: मी मराठीच शिकवतो. तुमचा राग बाईंवर आहे, पद्धतीवर काढताय. माझ्या वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीने समास घेतला. एकाने विचारलं, 'नीलकंठ कर्मधारय का नाही?' तिला येईना. दुसऱ्या दिवशी वाचून आली: नुसता निळा कंठ म्हणायचं तर कर्मधारय, शंकर म्हणायचं तर बहुव्रीही. हे मी सांगितलं असतं तर कुणाच्या लक्षात राहिलं नसतं. जर्मनीत जाँ-पोल मार्टिन या शिक्षकांनी १९८०च्या दशकात फ्रेंचचे तास असेच मुलांकडे सोपवले होते.

चौथा बाक: जर्मनी कशाला? अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात मुलांकडूनच मुलांना शिकवून घेतलं. पुढे इंग्लंडात जोसेफ लँकेस्टर या शिक्षकाने गरीब मुलांच्या शाळेत तेच केलं, कारण पगारी मदतनीस परवडत नव्हते. स्वस्तात शिक्षण उरकायची युक्ती आहे ही.

अनुस्वार: शिकवतं कोण यावर काय भांडताय? शिक्षक काय, मुलं काय, सगळे एकच घोकतात: धातूला 'णारा' लावा, कर्ता सापडेल. 'मला कविता आवडतात' यात आवडणाऱ्या कोण? कविता. म्हणजे कविता कर्ता! आणि आवड कुणाची? माझी. शाळेत हे विचारलं तर 'पुस्तकात आहे तेच लिही' असं उत्तर मिळालं. व्याकरणातला माझा रस तिथेच संपला.

फळा-खडू: कविताच कर्ता. कविता आवडली, कविता आवडल्या. क्रियापद तिच्याच मागे जातं. 'मला' चतुर्थी. क्रियापद कर्त्यामागे, म्हणून कर्तरी प्रयोग. विषय संपला.

अनुस्वार: संपला कसा? 'त्याने कविता वाचल्या' यातही क्रियापद कवितांच्याच मागे जातं. तिथे ते कर्म, इथे कर्ता?

फळा-खडू: तिथे वाचणारा तो आहे. आवडणं ही कुणी केलेली क्रिया नाही. थंडी वाजते, भूक लागते, राग येतो, यांत थंडी, भूक, राग हेच कर्ते. अनुभवणारा वेगळा, कर्ता वेगळा.

अनुस्वार: मग 'क्रियापद ज्याच्या मागे तो कर्ता' असं वर का ठोकून दिलंत? मुलं हेच पाठ करतात.

रेघोटी: बघा! दोन मोठी माणसं, त्यात एक मराठीचे शिक्षक, एका वाक्यावर अडलीत. आणि हे नववीतल्या मुलीने फळ्यासमोर एकटीने निस्तरायचं?

फळा-खडू: निस्तरायचं नाही, भांडायचं. असं भांडण तुमच्या मुलीच्या वर्गात झालं असतं तर भावे प्रयोग तिथेच सापडला असता.

चौथा बाक: भांडतात ती चार हुशार मुलं. मी मागे बसणारा होतो. मित्र शिकवत असला की 'समजलं नाही' म्हणायची जास्तच लाज वाटायची. मधल्या सुट्टीत तोच चिडवायचा. यावर बोला ना सर.

फळा-खडू: हे खरं आहे. म्हणून मी शंका चिठ्ठीवर, नाव न घालता घेतो. तरी काही मुलं गप्पच राहतात, हे नाकारत नाही.

रेघोटी: बरं, समास द्या. नीलकंठाचं पटलं, नाइलाजाने. पण प्रयोगाच्या तासाला शेवटची दहा मिनिटं फळा शिक्षकांकडे, आणि चुकलेलं त्याच तासाला दुरुस्त. वह्या घरी जाण्याआधी.

फळा-खडू: दहा नको, पाच पुरेत. आणि मूल बोलत असताना मी मधे टोकणार नाही.

रेघोटी: पाचात भावे प्रयोग होत नाही.