मदत हवी आहे: चिंगीच्या हृदयाची झडप गळते म्हणतात, पुढे काय?

रानवाटा
जरा लवकर उत्तर द्या. काल डॉक्टरांनी आमच्या कुत्रीला, चिंगीला तपासलं. हृदयात मर्मर आहे, म्हणजे ठोक्यांसोबत जादा आवाज येतो, झडप गळते म्हणाले. गोळी चालू करा, तीन महिन्यांनी आणा, एवढंच. बाहेर रांग होती, मला काही विचारायला सुचलंच नाही. नेटवर कुठे सहा महिने, कुठे चार वर्षं. किती दिवस आहेत तिच्याकडे? रात्रभर डोळा लागला नाही.

केळफूल
जात? वय? वजन? मर्मर कितवा? इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला का? गोळी कुठली? खोकते का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार, ताई?

ठाणेकर_काका
आमच्या डॉबरमनला हृदयाचंच निघालं. चार महिन्यांत गेला. मन घट्ट करा.

रानवाटा
स्पिट्झ. अकरा पूर्ण, साडेसात किलो. कागदावर मर्मर ४/६, म्हणजे सहापैकी चार, लिहिलंय. इको नाही, एक्स-रे पण नाही. गोळी पिमोबेंडन, दोन वेळा. काका, वाचून हातपाय गळाले.

केळफूल
काका, डॉबरमनचं दुखणं वेगळं. त्यांच्यात हृदयाचा स्नायूच कमजोर होऊन पसरतो. लहान कुत्र्यांत वयापरत्वे झडप जाड, गाठाळ होते, नीट मिटत नाही आणि रक्त मागे फिरतं. हे बहुतेक वेळा वर्षानुवर्षं हळूहळू चालतं. कित्येक कुत्री याने जातच नाहीत, दुसऱ्याच कारणाने जातात.

ताई, मर्मर ४ म्हणजे किती दिवस उरले ते नाही. हृदय मोठं झालंय का, यावर सगळं आहे. झालं नसेल तर टप्पा बी-१, त्यात औषध लागत नाही, तपासण्या करत राहायचं. डावं हृदय ठरावीक मापापेक्षा मोठं असेल तर बी-२, आणि पिमोबेंडनचा उपयोग तिथून पुढे. २०१६ साली मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ३६० कुत्री होती, सगळी बी-२ची. हृदय निकामी होईपर्यंत किंवा त्याने मरण येईपर्यंतचा मध्यम काळ गोळीवाल्यांत १२२८ दिवस, बिनगोळीवाल्यांत ७६६. म्हणून इको आधी करा.

सोनचाफा
इकोचा खर्च कशाला? अर्जुनसालीचा काढा द्या. माझ्या सासऱ्यांना दहा वर्षं झाली घेऊन.

केळफूल
सासरे माणूस आहेत हो. साडेसात किलोच्या जिवाला काढ्याचं माप कुणी ठरवलं? गोळीसोबत काय चालतं ते डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

सोनचाफा
आयुर्वेद म्हटलं की तुमचं हे ठरलेलंच. मी गोळी बंद करा म्हटलं का?

ठाणेकर_काका
ताई, घाबरवायचं नव्हतं. तो गेल्यापासून हृदय शब्द दिसला की मला तेच आठवतं.

केळफूल
काका, समजू शकते. माझी डॅशहंड मर्मर सापडल्यावर तीन वर्षं मजेत होती. मग एका रात्री फुप्फुसात पाणी भरलं. बसून, मान ताणून श्वास घेत होती, कुशीवर टेकेचना. लघवीची गोळी सुरू झाली आणि पुढे अकरा महिने मिळाले. पाणी भरल्यानंतरचा काळ मात्र महिन्यांतच मोजावा लागतो, हे खोटं सांगणार नाही.

ते वेळेत कळायचं असेल तर श्वास मोजा. गाढ झोपलेली असताना छाती वर-खाली एकदा म्हणजे एक. मिनिटाला ३० च्या आत हवेत. पुन्हा पुन्हा वर जायला लागले तर त्याच दिवशी फोन. तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, जीभ निळसर दिसली तर मोजत बसू नका, तडक गाठा.

रानवाटा
आत्ता मोजले. देवघरासमोर तिच्या गोधडीवर झोपलीय. २२. दोनदा मोजले, दुसऱ्यांदा स्वप्नात पाय हलवत होती तेव्हा २६.
पण फाटक वाजलं की घशात हाड अडकल्यासारखी खोकते. पाणी भरलं का?

केळफूल
स्वप्नातले धरू नका. २२ छान. मर्मर असताना खोकला आला म्हणजे पाणीच असं नाही. स्पिट्झसारख्या लहान जातींत श्वासनलिका चपटी होऊनही असा खोकला येतो, मोठं झालेलं हृदय श्वासनळी दाबत असलं तरी येतो. एक्स-रेत दिसेल. खोकल्याचा व्हिडिओ काढून न्या, दवाखान्यात गेल्यावर नेमकी खोकत नाहीत.

मोगरा२२
पोळी देता का? आमच्याकडे कणकेत मीठ असतं, डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. पापड, फरसाण तर नाहीच.

रानवाटा
आईच्या ताटातलं रोज अर्धं पापड जातं तिला. आजपासून बंद, आईला सांगते. गोळी चिकनच्या तुकड्यात देतेय, चालेल ना?

केळफूल
पिमोबेंडन उपाशीपोटी, जेवणाच्या तासभर आधी. चावून खायची गोळी मिळते, पुष्कळ कुत्री ती नुसतीच खातात.

रानवाटा
गुरुवारी इको ठरलाय, दुसऱ्या दवाखान्यात. गोळी पहाटे सहाला, जेवण सातला. आज सकाळचे श्वास २३, कॅलेंडरवर लिहून ठेवले.