आयर्न मेडन कुणाची, डिकिन्सनची की हॅरिसची?

देवगिरी_एक्सप्रेस (छ. संभाजीनगर)
आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडवरून आमच्या ग्रुपवर परवा एकाने ठोकून दिलं, "ब्रूस डिकिन्सन परत आला नसता तर मेडन कधीच संपली असती." मला हे अजिबात पटत नाही. बँड स्टीव्ह हॅरिसने, म्हणजे बास गिटार वाजवणाऱ्याने, १९७५ च्या नाताळात लंडनच्या पूर्व भागात उभा केला. ब्रूस गायक म्हणून आला १९८१ ला, सॅमसन नावाच्या बँडमधून, तेही आधीचा गायक पॉल डिआनोला काढल्यावर. तोवर दोन अल्बम होऊन गेले होते. १९९३ ला स्वतःचं काही करायचं म्हणून साहेब निघून गेले, १९९९ ला परत आले. मधली वर्षं बँड ओढला कुणी? ब्रूस विमान चालवतो, तलवारबाजी करतो, याचं कौतुक करण्याच्या नादात लोक बासवाल्याकडे बघतसुद्धा नाहीत.

गोदाकाठ (नांदेड)
ओढला दादा, पण कुठवर? १९९२ ला ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत पहिल्या नंबरवर असलेला बँड ब्रूसच्या जागी ब्लेझ बेलीला घेऊन १९९५ ला आठव्यावर आला, १९९८ ला सोळाव्यावर. ब्लेझ मेहनती माणूस, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचा गळा खालच्या पट्टीचा आणि जुनी गाणी ब्रूसच्या पट्टीत बांधलेली. रोज रात्री किती ताणणार?

एक करून बघा. 'साइन ऑफ द क्रॉस' हे ब्लेझच्या काळातलं, हॅरिसनेच लिहिलेलं गाणं. आधी १९९५ चं ऐका, मग ब्रूसने गायलेलं २००१ चं रिओमधलं. चाल तीच, शब्द तेच. सुरुवातीच्या संथ भागात ब्लेझचा जड आवाज शोभतो, मी तर म्हणेन तिथे तोच बरा. पण गिटारी चढल्या की ब्लेझ त्यांच्याखाली दबतो आणि ब्रूस त्यांच्या वरून जातो. अकरा मिनिटांचं गाणं आहे, हेडफोन लावून ऐका.

आपल्याकडे सप्ताहाला लोक कीर्तनकाराचं नाव विचारून येतात. मंडप कुणी टाकला, हे कोण विचारतं?

मांजराकाठचा (लातूर)
सप्ताहाचंच बोलायलाव म्हणून सांगतो भाऊ. सात दिवस सात कीर्तनकार येतेत, पाकीट घेऊन जातेत. टाळकरी अन् पखवाजवाला तेच राहतेत, अन् काल्याच्या पंगतीला गाव तेवढंच असतंय. तुमचा दाखला तुमच्यावरच उलटा पडायलाय.

अन् १९९९ ला एकटा ब्रूस आला का? गिटारवाला एड्रियन स्मिथ पण परत आला. एका बँडात तीन गिटार झाल्या. त्यानंतर आलेल्या २००० च्या अल्बमचं समदं श्रेय एकट्या गळ्याला कामून?

गोदाकाठ (नांदेड)
कीर्तनकार पाकीट घेऊन जातो, हा विमान घेऊन येतो. एड्रियनचा मुद्दा मात्र मान्य.

बालाघाट (बीड)
विमानावरून आठवलं. १ फेब्रुवारी २००८ ला मी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात होतो. मेडनच्या त्या जगदौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम. माणसं आणि सामान एकाच बोइंग ७५७ मधून, आणि कॅप्टन स्वतः ब्रूस. हौशी नाही हं, अ‍ॅस्ट्रियस नावाच्या विमान कंपनीत तो रीतसर वैमानिक होता. एरवी जिथे जाणं परवडत नाही, अशी गावं त्या एका विमानामुळे दौऱ्यात बसवता आली. हॅरिसने बँड उभा केला असेल, आपल्या दारापर्यंत आणला ब्रूसने.

पण एक गोष्ट दुसऱ्या बाजूचीही सांगतो. माझा परभणीचा मित्र स्वतः बास वाजवतो, म्हणून आम्ही हॅरिसच्या बाजूला घुसलो. हॅरिस एक पाय समोरच्या स्पीकरवर ठेवून वाजवत होता आणि गाण्याचा शब्द न् शब्द ओठांनी म्हणत होता, समोर माइक नसताना.

देवगिरी_एक्सप्रेस (छ. संभाजीनगर)
हेच तर म्हणतोय मी! शब्द त्याचे आहेत, म्हणून ओठ हलतात.

गोदाकाठ (नांदेड)
सगळे त्याचे नाहीत. १९८२ च्या अल्बमच्या गाण्यांत ब्रूसचाही हात होता, सॅमसनच्या कराराच्या भानगडीमुळे नाव लावता आलं नाही. आणि मेडनचं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलेलं एकमेव सिंगल, जानेवारी १९९१ चं, ते लिहिलं ब्रूसने. मूळ मेडनसाठी केलेलंही नव्हतं ते.

बेसुरा_पण_मोठ्याने (जालना)
२०१५ कसं विसरता? ब्रूसच्या जिभेच्या मागच्या बाजूला कॅन्सरची गाठ निघाली. फेब्रुवारीत जाहीर झालं, मे महिन्यात डॉक्टरांनी बरा झाल्याचं सांगितलं. तयार अल्बम सप्टेंबरपर्यंत थांबवला, दौरा थेट २०१६ ला. तेवढ्यात दुसरा गायक उभा केला का कुणी? बँड कुणाचा, याचं उत्तर हॅरिसनेच दिलंय.

मांजराकाठचा (लातूर)
थांबा म्हणलं कुणी? मालकानंच ना? आजारी माणसाला सोडून जायला बँड काय ठेकेदाराची टोळी आहे का.

बेसुरा_पण_मोठ्याने (जालना)
मग निकोचं काय? ड्रमर निको मॅकब्रेन २०२४ च्या डिसेंबरात दौऱ्यांतून निवृत्त झाला. लगेच सायमन डॉसनला घेतलं आणि २०२५ चा दौरा सुरू. गळ्यासाठी थांबले, ड्रमसाठी नाही.

देवगिरी_एक्सप्रेस (छ. संभाजीनगर)
निको स्वतःहून बाजूला झाला, वय सत्तरीच्या पुढे, आधी पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला. त्याची वाट बघण्यात अर्थच नव्हता, ब्रूस बरा होणार होता. आणि डिआनो गेला, ब्रूस गेला, एड्रियन गेला, ब्लेझ गेला. हॅरिस एकदाही गेलेला नाही. त्याच्याशिवाय मेडन कशी वाजते हे कुणी ऐकलंय? तुम्ही एकाच बाजूचा पेपर तपासून निकाल लावताय.