सीतादही मीच करू, की जाऊबाईंच्या हाती ताट देऊ?

वावरवाली, नेर तालुका

नमस्कार. आमच्याकडे पऱ्हाटी (कपाशी) फुटून राहिली आहे. दसरा झाला की पहिला वेचा, आणि त्याआधी सीतादही, म्हणजे कापूस वेचण्याआधीची वावरातली पूजा. त्याचंच विचारायचं आहे.

मालक गेल्याला दुसरं वर्ष आहे. वावर पाच एकर. तीन एकरांत पऱ्हाटी आणि मधात तुरीची तासं, बाकी सोयाबीन. बियाणं कोणतं घ्यायचं, डवरणीला कोणाची जोडी सांगायची, फवारणी कधी करायची, मजूर बायांचा रोज कधी द्यायचा, हे सगळं मीच पाहते. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण सीतादहीचं ताट म्हटलं की वाटतं. मागच्या वर्षी माझं कशातच मन नव्हतं, म्हणून मोठ्या जाऊबाईंनी पूजा केली आणि मी धुऱ्यावर बसून होते. यंदा त्यांनी आत्ताच निरोप धाडला, "ताट मी आणतो, तू फक्त दही लावून ठेव."

लग्न होऊन आले तेव्हापासून हे ताट माझ्याच हातात असायचं. सासूबाईंनी शिकवलं तसं पहिल्या तासाशी पाच खडे मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, दही-भात पऱ्हाटीवर शिंपडायचा, आणि पहिली बोंडं स्वतःच्या हातानं वेचून तिथंच ठेवायची. मग बाया ओटी बांधून वेचायला लागतात. मला पूजा बंद करायची नाही. माझी श्रद्धा आहे, मला ती करायची आहे.

दुसरी गोष्ट टिकलीची. मी टिकली लावते, हातात बांगड्या घालते. नळावर गेले की बाया आधी कपाळाकडे पाहतात, मग तोंडाकडे. मंगळसूत्र आणि जोडवी लग्नात आली होती, ती मी माझ्या मनानं काढून डब्यात ठेवली. पण टिकली तर माझी आई मी शाळेत जायच्या आधीपासून लावून देत होती. बांगड्या बाबा जत्रेतून आणायचे. जे लग्नाच्या आधी माझं होतं, ते मालकांच्या मागं कसं जाईल? हे मी कोणाला पटवून देऊ शकत नाही, पण माझ्या मनात ते पक्कं आहे.

अडचण अशी की भासरे, म्हणजे मोठे दीर, माणूस चांगले आहेत आणि विहीर सामाईक आहे. मोटर त्यांच्या मीटरवर चालते. भांडण मला नको आहे. लेक सातवीत आहे, ती विचारते, "आई, आपल्या वावरात काकू काहून पूजा करते?" तिला काय सांगू?

कास्तकार, दारव्हा

ताई, राग मानू नका. टिकली तुमची, ती खुशाल लावा, कोणाच्या बापाचं काय जाते. पण पूजेसाठी भासऱ्यांचं घर तोडू नका. सोयाबीन निघाल्यावर हरभरा घ्याल ना? त्याला ओलित लागतेच. एक पाळी चुकली की दाणा भरत नाही. बाई माणूस एकटं असलं की एक दार उघडं पाहिजे. ताट त्यांना धरू द्या, पहिला वेचा तुम्ही घ्या. लोकं आज बोलतात, उद्या विसरतात.

सेलूची मावशी

दारव्ह्याच्या भाऊ, तुम्ही काळजीनं लिहिलं हे दिसतं. पण लोकं विसरत नाहीत हो, दुसरं काही शोधतात. मी माझे मालक गेल्यावर कपाळ कोरं ठेवलं, रंगीत लुगडं सोडलं. तरी बोललेच. कापूस घेऊन जिनिंगवर स्वतः गेले तर बोलले, पोरीला वर्ध्याला शिकायला ठेवलं तर बोलले. म्हणून बाई, त्यांच्या मनासारखं वागून तोंडं बंद होतील हा हिशोब धरू नको.

आता कामाचं ऐक. पाणी भासऱ्यांच्या मर्जीवर आहे, खरा घोर तो आहे. सातबारा काढ. मालकांच्या जागी वारस म्हणून तुझं आणि लेकीचं नाव चढलं का पाहा. लेक अज्ञान, म्हणजे वयानं लहान आहे, तिच्या नावापुढं पालक म्हणून तुझं नाव पाहिजे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बायको, लेकरं आणि गेलेल्या माणसाची आई, सगळ्यांना सारखा हिस्सा आहे, म्हणजे सासूबाई असतील तर त्यांचंही नाव लागेल. फेरफार झाला नसेल तर तलाठ्याकडे अर्ज दे. विहिरीतला तुझा हिस्सा इतर हक्कांच्या रकान्यात आहे का, तेही वाच. नसेल तर भासरे चांगले आहेत तोवरच नोंदवून घे.

आणि ताट तूच धर. वावर तुझं, घाम तुझा. जाऊबाईंना बोलाव, मानानं बसव, पण खडे तू मांड.

निवृत्त गुरुजी, तिवसा

मावशींशी सहमत. थोडी भर घालतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढायला लावणं, सगळं त्यात आलं. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. तो कायदा नाही, त्यात शिक्षा नाही, म्हणून त्याच्या भरवशावर कोणाशी भांडायला जाऊ नका. पण गावात विषय काढायला आधार आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. गावातल्या अशा दोघी-चौघी मिळून तिथं बोला, एकटीनं बोलू नका.

आमच्या तालुक्यातल्या मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थनेला सगळे एकत्र बसतात. देवापुढं बसायला कपाळ पाहावं लागत नाही, हे लहानपणापासून पाहत आलो. लेकीला हेच सांगा.

वावरवाली, नेर तालुका

सगळ्यांचे आभार. दारव्ह्याचे भाऊ, हरभऱ्याचं तुमचं खरं आहे, म्हणून आधी सातबारा काढला. माझं आणि लेकीचं नाव आहे, सासूबाईंचंही आहे. विहिरीचा मात्र कुठंच उल्लेख नाही. भासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले दिवाळी झाली की तलाठ्याकडे सोबत जाऊ.

काल जाऊबाईंकडे जाऊन सांगितलं की ताट मीच धरीन, तुम्ही सकाळी लवकर या, दही-भात तुम्हीच शिंपडा. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, "तिचं वावर हाय, तिलेच करू दे." आल्या तर बरंच, नाही आल्या तरी वेचा लांबवता येत नाही, बायांना सांगून ठेवलं आहे.

गुरुजी, त्या परिपत्रकाची प्रत असेल तर इथं टाका. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला सभेत मांडायचं आहे. आमच्या गल्लीतल्या दोघी तयार आहेत, तिसरी सासऱ्याला विचारून सांगते म्हणाली.