मदत हवी आहे: आईबाबा सहा महिन्यांसाठी येतायत. भाड्याचं घर फिनिक्स शहरात बघावं की चँडलरच बरं?

सरकी

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

आम्ही चार वर्षं अमेरिकेत, अॅरिझोनातल्या फिनिक्सच्या चँडलर या उपनगरात राहतोय. भाडेकरार सप्टेंबरात संपतो आणि आईबाबा ऑक्टोबरअखेर अकोल्याहून येतायत, ते थेट एप्रिलपर्यंत. नवरा म्हणतो याच भागात दुसरं घर घेऊ, त्याचं ऑफिस इथून दहा मिनिटांवर आहे. मला वाटतंय की या वेळी फिनिक्स शहरातच, अगदी मधोमध, राहून बघावं. कारण सांगते.

मागच्या खेपेला ते 2023 च्या जूनमध्ये आले होते. मुलांना सुट्टी असते म्हणून आम्हीच बोलावलं, ती घोडचूक. त्या वर्षी 30 जून ते 30 जुलै सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइटला म्हणजे 43 सेल्सियसला शिवून गेला. बाबा निघताना खिशात कांदा ठेवून निघाले होते (विदर्भातल्यांना कारण सांगायला नको), तो इथे उतरल्यावर तपासणीत टाकून द्यावा लागला. "अकोल्याचा मे पाह्यला हाय म्या, मले उनाचं काय सांगता" म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी गप्प झाला. अकोल्यात निदान रात्री गच्चीवर अंग टाकता येतं. इथे रात्री अकरालाही अंगणातल्या फरशीवर अनवाणी उभं राहवत नव्हतं.

पण त्यांची तक्रार उन्हाची नव्हतीच. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "शहर कधी दाखवतं?" मी म्हटलं, बाबा, आपण शहरातच आहोत. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, म्हणाले, "इथं तं भिंतीच हायेत. मानसं कुठी हायेत?" म्हणून एका रविवारी डाउनटाउनला नेलं, तर जुलैतल्या दुपारी तिथेही चिटपाखरू नाही. परत येताना गाडीत निकाल लागला: "गाव म्हनावं तं पार नाही, शहर म्हनावं तं चौक नाही."

आईला तर दोन महिन्यांत माझ्याशिवाय मराठी बोलायला कोणी मिळालं नाही.

तर ज्यांचे आईवडील, सासूसासरे इथे राहून गेलेत त्यांनी सांगा, त्यांना शहर मानवलं की उपनगर? दोघंही गाडी चालवत नाहीत. बाबा रोज तीन-चार मैल चालतात, तेवढंच त्यांच्या साखरेला औषध.

उंटावरचा शहाणा

शहर. डोळे मिटून शहर. मी मध्य फिनिक्समध्ये, एनकँटो पार्कजवळ सहा वर्षं राहतोय.

तुमच्या बाबांनी जे पाहिलं ते जुलैतल्या रविवारी दुपारचं डाउनटाउन. अकोल्याच्या टिळक रोडवर मे महिन्यात दुपारी तीनला किती लोक असतात? नोव्हेंबरात पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी रूझवेल्ट रोवर आणा त्यांना, चित्रं, गाणी, खाण्याच्या गाड्या, पाय ठेवायला जागा नसते.

सेंट्रल अॅव्हेन्यूवरून लाइट रेल जाते. 2008 च्या डिसेंबरात सुरू झाली. 65 च्या पुढे तिकिटात सवलत आहे, आपल्या एसटीसारखी. बाबा एकटे चढून बर्टन बार लायब्ररीत जाऊन बसू शकतात. हर्ड म्युझियमही त्याच रस्त्यावर. फक्त एक शिकवून ठेवा. सेंट्रलच्या पूर्वेला 'स्ट्रीट' आणि पश्चिमेला 'अॅव्हेन्यू'. 35 वा स्ट्रीट आणि 35 वा अॅव्हेन्यू यांत साधारण आठ मैल आहेत. माझे सासरे या फरकापायी एकदा भलत्याच टोकाला दाताच्या डॉक्टरला शोधत होते.

जर्सीकर

फिनिक्स म्हणजे पार्किंगच्या जागेत वसवलेलं गाव. शहर आणि उपनगर यांत फरक शोधणं म्हणजे दोन इडल्यांतला फरक शोधणं. आईबाबांना इकडे पाठवा.

उंटावरचा शहाणा

जर्सीकर, जानेवारीत बर्फ उपसताना बोलू.

निवडुंग

सरकीताई, घाई करू नका. मी तुमच्या शेजारच्या गिल्बर्टला अकरा वर्षं आहे, दोन्हीकडचे आईवडील मिळून सात वेळा येऊन गेलेत.

शहाणेसाहेबांना शाळेत जाणारी मुलं नसावीत असं लिहिण्यावरून वाटतं. मध्य फिनिक्समध्ये राहिलात तर पोह्यांचा पुडा आणायलाही वीस-बावीस मैल चँडलरकडेच यावं लागेल. मुलांची शाळा बदलेल. नवऱ्याचा रोजचा तास-सव्वा तास आय-10 महामार्गावर जाईल, तो घरी चिडून येईल आणि ते आईबाबा बघतील. सहा महिन्यांत हे फार होतं.

आणि उपनगरात माणसं नसतात हे अर्धंच खरं. ती गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून गॅरेजमध्ये जातात, पुढचं दार फक्त पार्सलवाल्यासाठी. पण थंडीत संध्याकाळी पाचला चँडलर-गिल्बर्टच्या बागांत जा. प्रत्येक बाकावर कुणाचे तरी आईवडील. तेलुगू जास्त, पण मराठीही सापडतात. माझ्या आईने तिथेच सांगलीच्या एक बाई शोधून काढल्या आणि दोघी भिशी लावायच्या बेतात होत्या. बाबांना गिल्बर्टचं रिपेरियन प्रिझर्व्ह दाखवा. सांडपाणी शुद्ध करून तळ्यांत सोडतात, ते जमिनीत मुरतं, आणि त्या तळ्यांवर हिवाळ्यात पक्ष्यांची जत्रा भरते. शेजारीच लायब्ररी आहे.

गणपतीला जायचं तर मॅरिकोपाचं देऊळ तुम्हाला माहीत असेलच.

विमानातली आजी

मी पाहुणीच्या बाजूने लिहिते. पुण्याहून लेकीकडे तीनदा आले आहे, दोनदा उपनगरात आणि एकदा टेंपीला.

पहिल्या खेपेला उपनगरात मी हरवले. घरापासून दोनशे पावलांवर! सगळी घरं बदामी, सगळ्यांची कौलं तीच, दारात दगडगोटे आणि एक निवडुंग. नावाची पाटी नाही, ओटा नाही, कुत्रंसुद्धा भिंतीमागे. दुसऱ्या दिवशी जावयाने विचारलं, आत्ता कुठला सण, तोरण का लावलंय? म्हटलं, सण नाही, खूण आहे.

आणखी एक सांगते. आमच्या मागच्या भिंतीला लागूनच दुकानं होती. पोळ्या लाटताना तिथल्या गाड्यांचे हॉर्न ऐकू यायचे. पण चालत जायचं तर वसाहतीच्या एकुलत्या फाटकातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याने वळसा, सव्वा मैल. दुधाची पिशवी दिसतेय आणि हात पुरत नाही, असा प्रकार. त्या भिंतीला एक दार असतं ना, तर मी उपनगराला नावं ठेवली नसती.

टेंपीला मात्र मजा आली. म्हणायला तेही उपनगरच. पण विद्यापीठ आहे, मिल अॅव्हेन्यूवर पोरं रात्री बारापर्यंत फिरतात, कोणी ना कोणी "हाय" म्हणतं. तेव्हा लेकीला म्हटलं, मला शहर-उपनगर कळत नाही, घराबाहेर पडून पायी कुठे पोचता येतं तेवढं सांग.

उंटावरचा शहाणा

आजी, हे पटलं. उलट उदाहरण देतो. अवाटुकी महापालिकेच्या हद्दीत आहे, म्हणजे कागदोपत्री फिनिक्स शहर. पण डोंगराच्या पाठीमागे, त्याच बदामी भिंती, त्याच फाटकांच्या वसाहती. फिनिक्सची हद्द साधारण 1,340 चौरस किलोमीटर आहे. बृहन्मुंबईच्या दुपटीहून मोठी, आणि 2020 च्या जनगणनेत माणसं 16 लाख. एवढ्यात 'शहर' म्हणावं असा तुकडा बोटभर. म्हणून इथले लोक फिनिक्स म्हणतच नाहीत, 'व्हॅली' म्हणतात. पाहुणे स्कॉट्सडेलच्या ओल्ड टाउनमध्ये उतरतात, आइस्क्रीम खातात आणि फिनिक्स पाहिलं म्हणून परत जातात.

कोरा कागद

मध्येच विचारतो, डिसेंबरात चार दिवस येतोय, ग्रँड कॅन्यन एका दिवसात होईल का?

निवडुंग

जाता-येता सात तास गाडी. होईल, पण वर बर्फ असू शकतो. वेगळा धागा काढा.

सरकी

सगळ्यांचे आभार. आजी, तोरणाचं वाचून आई फोनवर खूप हसली. तिच्याही बाबतीत झालं होतं म्हणे, तिने मला सांगितलं नव्हतं.

आता जरा गोंधळ वाढलाय. काल संध्याकाळी एनकँटोजवळचं एक घर पाहिलं. जुनं विटांचं, समोर मोठी झाडं, पदपथाला सावली. मन बसलं. पण भाडं ऐकून नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीकडे.

आणि एक विसरले. मागच्या वेळी बाबांना काय आवडलं असं विचारलंत तर एकच गोष्ट. विमानतळावरून घरी येताना गाडीतून कुठेतरी नहर दिसली. बाबा पाटबंधारे खात्यात होते, काटेपूर्णेच्या कालव्यांवर कालवा निरीक्षक म्हणून तीस वर्षं गेली. मान वळवून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग ऊन एवढं पडलं की ते राहूनच गेलं.

उंटावरचा शहाणा

अहो बाई, हे पहिल्या परिच्छेदात लिहायचं की नाही!

हे गावच कालव्यावर उभं आहे. इथल्या मूळच्या होहोकाम लोकांनी लाकडी अवजारांनी आणि हातांनी शेकडो मैल पाट खोदले होते, सुमारे 1450 पर्यंत ते इथून निघून गेले. 1867 च्या सुमाराला जॅक स्विलिंगने आणि त्याच्या माणसांनी तेच बुजलेले पाट उकरून पाणी सोडलं. जुन्या वस्तीच्या राखेतून उठलेलं म्हणून नाव फिनिक्स. विमानतळाजवळ एक म्युझियम आहे, पूर्वी प्वेब्लो ग्रांदे म्हणायचे, तिथे मूळ पाटांचे अवशेष अजून दिसतात. लाइट रेलने जाता येतं.

आज सॉल्ट रिव्हर प्रोजेक्टचे 131 मैल कालवे वाहतायत, आणि बहुतेक ठिकाणी काठाने चालायची वाट आहे. ना सिग्नल, ना भिंत. 56 वा स्ट्रीट आणि इंडियन स्कूल रोडच्या कोपऱ्यावर अॅरिझोना कॅनॉलला वीसेक फुटांचा उतार आहे, त्यावर वीज काढतात. बाबांना तिथे नेऊन सोडा आणि दोन तासांनी आणायला जा.

आणि हे खास त्यांच्यासाठी. जुन्या वस्त्यांत अजून पाटाचं पाणी अंगणात घेतात. पाळी लावलेली असते, कधी रात्री दोनलाही येते, लोक पायजम्यात बाहेर येऊन झडप उघडतात आणि हिरवळ घोटाभर पाण्यात बुडते. मुख्य दार सोडणारा जो असतो त्याला इथे 'सानहेरो' म्हणतात. म्हणजे आपला पाटकरी!

निवडुंग

यात भर. कालवे फक्त शहरात नाहीत. कन्सॉलिडेटेड कॅनॉल मेसा, गिल्बर्ट, चँडलर असा तुमच्या बाजूनेच जातो. 1891 मध्ये ज्याने काढला तो गुरांचा डॉक्टर होता, डॉ. चँडलर. त्याच्याच नावाचं तुमचं गाव. काठाने पासेओ ट्रेल आहे, मैलोन्‌मैल सरळ. पाणवनस्पती खायला कालव्यात गवत्या मासा सोडलेला असतो. हिवाळ्यात काही आठवडे भाग पाडून कालवा कोरडा करतात, दुरुस्तीला. तेव्हा आधी मासे पकडून हलवतात.

घर बघताना एकच करा. दलालाला घरात उभं राहू दे. तुम्ही दारातून बाहेर पडा आणि पायी दूध घेऊन या. उन्हात, गाडीशिवाय. वाटेत कुठे भिंत आडवी येते, कुठे रस्ता ओलांडायला सात पट्टे आहेत, तेवढं बघा.

विमानातली आजी

आणि वाटेत बसायला बाक आहे का तेही. साठीनंतर बाक म्हणजे अर्धं शहर.

सरकी

शेवटचा अपडेट देते. तीन आठवडे लागले.

निवडुंगताईंची दुधाची परीक्षा सहा घरांना लावली. पाच नापास. त्यातलं एक तर फिनिक्स शहरातलं, लाइट रेलपासून जवळ, पण पलीकडे जायला सहा पदरी रस्ता आणि अर्धा मैल सावलीचं एकही झाड नाही. मी एकटी होते तरी घाबरले, आईला तिथून पाठवायचं कसं?

सहावं घेतलं. जुन्या चँडलरमध्ये, डाउनटाउनच्या पूर्वेला. साधं, छोटं, स्वयंपाकघर माझ्या मनासारखं नाही. पण वसाहतीला फाटक नाही. दुकान नऊ मिनिटं, कालवा बारा मिनिटं, आणि वाटेत एका चर्चबाहेर बाक आहे, आजी. नवऱ्याचं ऑफिस होतं तेवढंच लांब. एनकँटोच्या त्या विटांच्या घराची हळहळ आहेच, खोटं कशाला बोलू.

काल इथल्या संध्याकाळी, म्हणजे अकोल्याच्या सकाळी, काठावर उभी राहून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं बाबा, माणसांचं अजून सांगता येत नाही, पण हे बघा काय आहे. ते बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "अस्तर बरं केलं हाय." आणि लगेच, "फोन थोडा डावीकडे घे. गेज कुठी लावला हाय? किती क्युसेक सोडलं त्यायनं?"

कुणाला माहीत असेल तर सांगा. ते रोज फोन करून विचारतायत.